यादीतला नंबर लागला पाहिजे: फोन नंबर साफ करण्याची आणि पडताळण्याची पद्धत

ऑक्टोबर छाटणी होऊन द्राक्षाची बाग पोंग्यात, म्हणजे कोवळे फुटवे उमलण्याच्या अवस्थेत आलेली असते. संध्याकाळी निफाड-दिंडोरीकडे ढग भरून येतात आणि आमच्या नाशिकच्या द्राक्ष सल्ल्याच्या ऑफिसातून वर्गणीदार बागायतदारांना मेसेज सुटतो: रात्री पावसाची शक्यता आहे, डाऊनी या बुरशीजन्य रोगाची प्रतिबंधक फवारणी आजच उरका. हा मेसेज उद्या दुपारी कळून उपयोग नाही. अशा वेळी फवारणी तासांच्या हिशोबाने करावी लागते. ज्याच्या नंबरात एक आकडा चुकलाय, त्याच्यासाठी आमचा सल्ला निघालाच नाही असं धरा.

एका जानेवारीत पिंपळगावकडचे एक काका ऑफिसात आले आणि शांतपणे म्हणाले, "ताई, वर्गणी भरली, पण हंगामभर एक मेसेज नाही आला." वही काढली. त्यांच्या नंबरात इंग्रजी नऊच्या जागी एन्ट्री करणाऱ्याने एक टाकला होता. वहीत मराठी एकासारखा दिसत होता तो आकडा. वही बरोबर होती, काकाही बरोबर होते, चूक आमच्या कॉम्प्युटरवर झाली होती. त्या दिवसापासून मी नंबरांची यादी हातात घेतली. नव्याने या कामाला बसणाऱ्यांसाठी हे लिहिते आहे. तुमची यादी रक्तदात्यांची असो, सोसायटीच्या सभासदांची असो की वाचनालयाच्या वर्गणीदारांची, पद्धत फारशी बदलत नाही.

सुरुवातीलाच एक फरक मनात पक्का करा. नंबर साफ करणं आणि नंबर पडताळणं ही दोन वेगळी कामं आहेत. साफ केलेला नंबर दहा आकडी आणि नीटनेटका असतो. पडताळलेला नंबर लावला की ज्याचं नाव यादीत आहे तोच माणूस बोलतो. पहिलं काम कॉम्प्युटर बऱ्यापैकी करून देतो. दुसरं फोन उचलूनच करावं लागतं.

पहिली पायरी: मूळ यादीला हात लावू नका

फाइलची प्रत काढा, मूळ फाइलच्या नावात "मूळ" आणि तारीख लिहा आणि ती बाजूला ठेवा. प्रतीत सगळ्यात डावीकडे अनुक्रमांकाचा कॉलम घाला आणि एकपासून शेवटपर्यंत आकडे भरा. हा कॉलम आळसाने टाळू नका. मी एकदा तो न घालता फक्त नंबरांचा कॉलम निवडून सॉर्ट केला. नावं जागेवर राहिली आणि नंबर खालीवर झाले. प्रत्येक नंबर दहा आकडी, प्रत्येक नंबर चालू, आणि प्रत्येक नंबर दुसऱ्याच माणसासमोर. दिसायला यादी अगदी सुंदर होती. दोन दिवसांनी फोन लावताना कळलं, आणि मूळ प्रत होती म्हणून निभावलं. सॉर्ट करताना पूर्ण तक्ता निवडायचा, आणि नंतर पाच-सहा ओळखीची नावं त्यांच्या नंबरांशी ताडून पाहायची.

मग नंबरांच्या मूळ कॉलमशेजारी नवे कॉलम उघडा: साफ नंबर, प्रकार, शंका, निकाल, तपासल्याची तारीख, कोणी तपासला. मूळ नंबर कधीही पुसायचा नाही. तुम्ही केलेला बदल चुकीचा निघाला तर मागे जायला वाट हवी, आणि ती वाट म्हणजे तो कॉलम.

एक्सेल नंबरांचं काय करतं

फोन नंबर हा हिशोबाचा आकडा नाही, पण एक्सेलला ते माहीत नसतं. सेलमध्ये शून्याने सुरू होणारा नंबर टाकला की पुढचं शून्य गळून पडतं. अधिक चिन्ह लावून एक्याण्णवसकट नंबर टाकला की अधिक चिन्ह जातं आणि उरलेला बारा आकडी नंबर "९.१९ई+११" अशा रूपात दिसू लागतो. हे नुसतं दिसण्यापुरतं असेल तर घाबरू नका. सेलचं फॉरमॅट बदलून शून्य दशांशाचं नंबर फॉरमॅट केलं की सगळे आकडे परत दिसतात. पण त्याच अवस्थेत कोणी फाइल सीएसव्ही (स्वल्पविरामांनी कॉलम वेगळे केलेली साधी मजकूर फाइल) म्हणून सेव्ह करून बंद केली, तर जे दिसत होतं तेवढंच सेव्ह होतं आणि मागचे आकडे कायमचे जाऊन तिथे शून्यं येतात. यादीत ओळीने पाच-सहा शून्यांवर संपणारे नंबर दिसले की समजा, हेच झालंय. त्या फाइलमधून ते नंबर परत मिळणार नाहीत. जुनी फाइल किंवा कागदी वही शोधा.

यावर उपाय सोपा आहे. नंबर भरण्याआधी किंवा पेस्ट करण्याआधी पूर्ण कॉलम निवडून त्याचं फॉरमॅट "टेक्स्ट" करा. आधीच भरलेल्या कॉलमला नंतर टेक्स्ट करून गेलेलं शून्य परत येत नाही, म्हणून क्रम महत्त्वाचा. सीएसव्ही फाइल डबल क्लिक करून उघडू नका. रिकाम्या शीटमध्ये डेटा मेनूतून आयात करा, तिथे कॉलमचा प्रकार विचारला जातो.

आता कचरा काढा

इथे एका गोष्टीची काळजी फक्त आपल्याकडच्या याद्यांनाच घ्यावी लागते. बऱ्याच नंबरांत मराठी आकडे असतात. काही फोनच्या मराठी कीबोर्डवरून आलेले, काही जुन्या मराठी फाइलींतले. डोळ्यांना नंबर बरोबर दिसतो, पण शोधायला गेलं तर सापडत नाही, आणि मेसेज पाठवणारी यंत्रणाही तो नाकारू शकते. म्हणून मूळ नंबर "साफ नंबर"च्या कॉलममध्ये कॉपी करून घ्या आणि तिथे सगळ्यात आधी फाइंड अँड रिप्लेसने शून्यापासून नऊपर्यंतचा प्रत्येक मराठी आकडा इंग्रजीत बदला. दहा वेळा करावं लागतं, पाच मिनिटांचं काम आहे. हे आधीच करायचं. "इंग्रजी आकडे सोडून बाकी सगळं काढून टाक" अशी आज्ञा पहिल्यांदा दिलीत, तर मराठी आकडेही कचऱ्याबरोबर जातील आणि सेल रिकामा उरेल.

त्यानंतर मोकळ्या जागा, आडव्या रेघा, कंस, टिंबं, "मो.", "फोन", "घर" असे शब्द काढा. गुगल शीटमध्ये "रेजेक्सरिप्लेस" हे फंक्शन एका झटक्यात हे करतं, एक्सेलमध्ये "सबस्टिट्यूट" एकात एक घालून वापरता येतं. पण त्याआधी नजर टाका. "घर", "मुलगा", "व्हॉट्सॲप", "संध्याकाळी ८ नंतर" अशा नोंदी कोणीतरी विचार करून लिहिलेल्या असतात. त्या शेजारच्या शेऱ्याच्या कॉलममध्ये न्या आणि मगच नंबराच्या सेलमधून काढा.

कधी नंबर स्पष्ट दहा आकडी दिसतो आणि "लेन" फंक्शन मात्र लांबी बारा सांगतं. फोनच्या काँटॅक्टमधून किंवा व्हॉट्सॲपवरून कॉपी केलेल्या नंबराच्या आगेमागे न दिसणारी चिन्हं चिकटून येतात. मोकळ्या जागा काढणाऱ्या "ट्रिम" फंक्शनने ती जात नाहीत. आकड्यांखेरीज सगळं काढणाऱ्या आज्ञेने जातात. जमत नसेल तर तो नंबर हाताने पुन्हा टाइप करा.

एका सेलमध्ये दोन नंबर असतील तर दोन कॉलम करा. "…४५/४६" असं लिहिलेलं असेल तर ती जुन्या लँडलाइनची पद्धत आहे, दुसरा नंबर म्हणजे शेवटचे दोन आकडे बदलून होणारा पूर्ण नंबर.

आकडे मोजून प्रकार ठरवा

भारतातला मोबाइल नंबर दहा आकडी असतो आणि ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होतो. देशाचा कोड ९१. आता लांबीप्रमाणे फिल्टर लावा.

बारा आकडे असतील आणि सुरुवात ९१ ने असेल तर पहिले दोन काढा. अकरा असतील आणि पुढे शून्य असेल तर शून्य काढा. शून्य लावणारा माणूस चुकत नाही हे लक्षात घ्या. १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून कोणताही मोबाइल लावायला आधी शून्य दाबावंच लागतं, त्यामुळे दुकानात लँडलाइन असलेले लोक नंबर शून्यासकट सांगतात.

नंबर दहाच आकडी आहे आणि ९१ ने सुरू होतो, तर त्याला हात लावायचा नाही. ९१ ने सुरू होणारे खरे मोबाइल नंबर भरपूर आहेत. "सगळीकडून ९१ काढून टाक" असं सरसकट करणारे दर वेळी थोड्या लोकांचे नंबर आठ आकडी करून ठेवतात. आधी लांबी बघा, मगच काढा.

लँडलाइन वेगळी काढा. नाशिक शहराचा एसटीडी कोड ०२५३ आहे आणि नंबर सात आकडी, म्हणजे शून्य काढल्यावर २५३ ने सुरू होणारे दहा आकडे उरतात. निफाडचा कोड ०२५५०, सिन्नरचा ०२५५१, चांदवडचा ०२५५६, दिंडोरीचा ०२५५७, येवल्याचा ०२५५९. हे कोड एका कागदावर लिहून समोर चिकटवा. २५५ ने सुरू होणारा नंबर दिसला की तो चुकीचा मोबाइल नाही, तालुक्याची लँडलाइन आहे हे लगेच कळतं. सहा आकडी नंबर सापडला तर तो नाशिकचा फार जुना लँडलाइन नंबर असू शकतो. नंतर त्यांच्यापुढे २ लागला. लँडलाइनला एसएमएसची यादी लागू नाही, पण ती टाकून देऊ नका. मोबाइल बंद झालेला माणूस कधी कधी घरच्या त्या जुन्या फोनवर सापडतो.

एक फसवा प्रकार सांगते. नागपूरचा कोड ०७१२. तिथली लँडलाइन शून्याविना लिहिली तर ७ ने सुरू होणारे दहा आकडे होतात, अगदी मोबाइलसारखे. आपल्या यादीत नागपूरचे लोक थोडे असतील, पण सात-एक-दोन अशी सुरुवात दिसली की थांबून बघा.

आणि भरायचं म्हणून भरलेले नंबर. दहा वेळा नऊ, किंवा नऊपासून शून्यापर्यंत उतरती माळ. फॉर्ममध्ये मोबाइल सक्तीचा ठेवला की असे नंबर येतातच. नियमाच्या चाळणीतून ते आरामात जातात. त्यांना लगेच "शंका" लावा आणि मेसेज पाठवू नका, कारण असा नंबर कुणाचा तरी खरा असू शकतो आणि त्या माणसाला महाराष्ट्रभरातून नको ते मेसेज येत असतात.

प्रोग्रामिंग येणारा कुणी मदतीला असेल तर गुगलची "लिबफोननंबर" ही खुली लायब्ररी हे सगळं नियमाने तपासते आणि नंबर अधिक ९१ लावलेल्या आंतरराष्ट्रीय रूपातही करून देते. पण तीही फक्त रूप तपासते. नंबर चालू आहे का, कुणाकडे आहे, हे तिला ठाऊक नसतं.

वहीतले आकडे वाचणं

हा भाग कुठे शिकवत नाहीत आणि आमच्या निम्म्या भानगडी इथल्याच असतात. आपल्या वह्यांत मराठी आणि इंग्रजी आकडे मिसळलेले असतात, कधी तर एकाच नंबरात. मराठी एक आणि इंग्रजी नऊ हाताच्या अक्षरात जुळे भाऊ वाटतात. मराठी चार इंग्रजी आठासारखा दिसतो. मराठी पाच घाईत लिहिला तर इंग्रजी चार वाटतो. मराठी सहा आणि इंग्रजी तीन एकमेकांचे आरशातले. आणि इंग्रजी एक-सात तर सगळ्यांनाच छळतात.

मी असं करते. आधी पानावरची तारीख बघते. लिहिणाऱ्याने तारीख इंग्रजीत घातली असेल तर नंबरही बहुधा इंग्रजीत असतात. मग नंबरांचे पहिले आकडे बघते. मोबाइलचा पहिला आकडा एक असूच शकत नाही. म्हणजे पहिल्या जागी मराठी एकासारखं काही दिसत असेल तर तो इंग्रजी नऊ आहे, आणि त्याच हाताने त्याच पानावर काढलेली तशीच बाकीची चिन्हंही नऊच. एका माणसाचं अक्षर एकदा ओळखलं की पानंच्या पानं सुटतात. जिथे सुटत नाही तिथे त्या आकड्याच्या जागी प्रश्नचिन्ह टाका आणि शंकेच्या कॉलममध्ये "१ की ९" असं लिहा.

अंदाजाने आकडा भरायचा नाही. हे मी नव्या मुलामुलींना पहिल्याच दिवशी सांगते. नऊ आकडी नंबरात एक आकडा हरवलाय, तो कुठे हरवला आणि कोणता होता हे माहीत नसेल, तर मोबाइलच्या नियमात बसणारे ऐंशीहून जास्त नंबर तयार होतात. त्यातला एक तुमच्या माणसाचा, बाकीच्या नंबरांवर अनोळखी लोक.

ऐकून लिहितानाही असंच होतं. आपण नंबर जोडीने सांगतो: अठ्ठ्याण्णव, बावीस, पंच्याहत्तर. फोनवर पंच्याहत्तर आणि पंच्याऐंशी वेगळे ऐकू येत नाहीत. एकोणऐंशी म्हणजे ७९ की ८९, यावर लिहिणाराही क्षणभर अडखळतो. आता तर शाळेतली मुलं "सत्तर पाच" अशी जोडणी शिकून आली आहेत आणि आजोबा पंच्याहत्तर म्हणतात. म्हणून समोरच्याने जोडीने सांगू द्यावं, आपण मात्र एकेक आकडा सुटा वाचून दाखवावा: सात, पाच. "डबल"च्या ऐवजी "आठ, आठ".

दुहेरी नोंदी

एकच नंबर तीन ठिकाणी दिसला की नव्या माणसाचा हात डिलीटकडे जातो. थांबा. आपल्याकडे वडील, मुलगा आणि काका, तिघांच्या नावावर बाग असते आणि ऑफिसात तिघेही मुलाचाच नंबर देतात. एक नंबर म्हणजे एक माणूस असं गृहीत धरू नका. नंबर, नाव आणि गाव तिन्ही जुळले तरच ती दुहेरी नोंद. फक्त नंबर जुळत असेल तर तीनही नोंदी ठेवा आणि "सामायिक" असं लिहा. मेसेज मात्र त्या नंबरावर एकदाच जाऊ द्या, तोच सल्ला तीनदा आला की माणूस चौथ्यापासून वाचत नाही.

उलट प्रकारही आहे. एकाच गावात एकाच नावाचे दोघे-तिघे असतात, आणि वहीत कुणी नुसतं "नाना", "आबा", "तात्या" लिहून ठेवलेलं असतं. इथे गाव पुरत नाही, गट नंबर किंवा वस्तीचं नाव जोडा. "आबा, ओझर" यावरून कुणालाही फोन लावू नका. आधी त्या गावच्या आपल्या माणसाला विचारा की हे आबा कोणते.

पडताळणी: नंबर कुणाच्या हातात आहे

पूर्वी पहिल्या चार आकड्यांवरून कंपनी आणि राज्य सांगणारे लोक होते. ते ज्ञान आता चालत नाही. २० जानेवारी २०११ पासून देशभर नंबर न बदलता कंपनी बदलता येते, आणि जुलै २०१५ पासून दुसऱ्या राज्यात गेलं तरी तोच नंबर ठेवता येतो. "हा तर बाहेरच्या राज्याचा दिसतोय" म्हणून नंबर काढू नका.

आणि बंद पडलेला नंबर कायमचा मरत नाही. तो कायमचा बंद केल्यावर किमान ९० दिवस कुणालाही देत नाहीत, त्यानंतर नव्या ग्राहकाला मिळू शकतो. म्हणजे दोन वर्षं न तपासलेल्या यादीत असे नंबर असणारच, जे चालू आहेत, उचलले जातात, पण उचलणारा दुसराच आहे. दूरसंचार नियामक ट्राय कायमच्या बंद केलेल्या नंबरांची यादी प्रसिद्ध करते, ती मोठ्या संस्थांना उपयोगी पडते. आपल्यासारख्यांना फोन लावणं जास्त सरळ.

मोठी यादी असेल तर मेसेज पाठवणाऱ्या कंपनीकडून डिलिव्हरी रिपोर्ट मागून घ्या. "डिलिव्हर्ड" म्हणजे फोनपर्यंत पोचला, योग्य माणसापर्यंत असं नाही. "ॲबसेंट सब्सक्रायबर" म्हणजे त्या वेळी फोन बंद किंवा रेंजबाहेर, पुन्हा प्रयत्न करा. "अननोन सब्सक्रायबर" म्हणजे असा ग्राहकच नाही, हे नंबर आधी तपासायला घ्या. डीएनडीमुळे, म्हणजे ग्राहकाने जाहिरातीचे मेसेज नकोत असं नोंदवल्यामुळे अडलेला मेसेज वेगळा, तिथे नंबर बरोबर असतो. व्हॉट्सॲपच्या दोन खुणांवर मात्र विसंबू नका. सिम बंद झालं तरी जुन्या नंबरावरचं व्हॉट्सॲप काही काळ चालत राहू शकतं, आणि माणूस बागेत असताना इंटरनेट बंदही असतं.

माझी सगळ्यात आवडती पद्धत मिस्ड कॉलची. ऑफिसचा एक नंबर फक्त यासाठी ठेवा आणि लोकांना सांगा, ज्या फोनवर सल्ला हवा त्या फोनवरून इथे मिस्ड कॉल द्या. नंबर चालू आहे, माणसाच्या हातात आहे, आणि एकही आकडा कुणी ऐकून किंवा वाचून लिहिलेला नाही. एका मिस्ड कॉलमध्ये तिन्ही गोष्टी होतात. मग आलेल्या नंबरांपुढचं अधिक ९१ काढून यादीशी जुळवा. जे जुळत नाहीत त्यांना उलट फोन करून नाव विचारा.

उरलेल्यांना फोन लावायचे. वेळ सांभाळा. सकाळी फवारणी चालू असते, ब्लोअरच्या आवाजात कुणी फोन ऐकत नाही. दुपारी जेवणाच्या सुमारास किंवा संध्याकाळी सात ते साडेआठ. लासलगाव, पिंपळगावला माल घेऊन गेलेला माणूस लिलाव संपेपर्यंत बोलणार नाही. जानेवारी ते मार्च काढणीत हे काम काढूच नका.

बोलायचं कसं, तर आधी आपली ओळख द्या. लोक फोनवरच्या फसवणुकीला कंटाळलेत, त्यांचा संशय रास्त आहे. "नमस्कार दादा, नाशिकहून द्राक्ष सल्ल्याच्या ऑफिसातून बोलतेय. आपला नंबर आमच्याकडे नोंदवलेला आहे, तो बरोबर आहे ना, एवढंच बघायचंय. आपलं नाव आणि गाव सांगता का?" आपण नाव घेऊन "तुम्ही अमुकच ना?" असं विचारलं की घाईत असलेला माणूस "हो हो, बोला" म्हणतो आणि तुमची पडताळणी फुकट जाते. नाव त्याला सांगू द्या. तो म्हणाला, "आधी तुम्ही सांगा कुणाचं नाव आहे," तर वाद घालू नका, ऑफिसचा नंबर द्या आणि तिथे मिस्ड कॉल द्यायला सांगा. ओटीपी, आधार, बँकेचं काही एक विचारायचं नाही. फोन घरातल्या ताईंनी उचलला तर "ते बागेत गेलेत" हे उत्तरही अर्धी पडताळणी आहे. त्यांना विचारा, सल्ला याच नंबरावर पाठवू की दुसऱ्या? पुष्कळ घरांत मेसेज वाचून सांगणाऱ्या त्याच असतात.

निकाल लिहिताना "लागला नाही" एवढंच लिहू नका. स्विच ऑफ, रेंजबाहेर, उचलत नाही, इनकमिंग बंद, अस्तित्वात नाही, दुसराच माणूस: प्रत्येकाचा अर्थ वेगळा. इनकमिंग बंद म्हणजे बहुधा रिचार्ज संपलाय, पंधरा दिवसांनी बघा. स्विच ऑफ आणि रेंजबाहेर असतील त्यांना तीन वेगळ्या दिवशी, तीन वेगळ्या वेळी लावा, मगच "बंद" लिहा. दुसराच माणूस निघाला तर त्याची माफी मागा आणि तो नंबर त्याच मिनिटाला पाठवण्याच्या यादीतून काढा, आठवड्याच्या शेवटी नाही.

बंद निघालेल्यांसाठी गावातल्या माणसाला विचारता येतं. पण शेजाऱ्याने दिलेल्या नंबरावर लगेच सल्ले सुरू करू नका. शेजाऱ्यालाच सांगा, "त्यांना ऑफिसला मिस्ड कॉल द्यायला सांगाल का?" नंबर ज्याचा, त्याच्याकडून आलेला बरा.

नको म्हणणाऱ्यांची यादी

कुणी म्हणालं, मला मेसेज नको, तर कारण विचारू नका. पण नंबर पुसूनही टाकू नका, कारण पुढच्या वर्षी कुणीतरी जुनी वही पुन्हा भरेल आणि तो नंबर यादीत परत येईल. "पाठवू नका" अशी वेगळी यादी ठेवा आणि प्रत्येक वेळी मेसेज पाठवण्याआधी मुख्य यादी तिच्याशी ताडा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात संमती जितक्या सहज देता येते तितक्याच सहज मागे घेता आली पाहिजे असं म्हटलं आहे. कायदा नसता तरी हेच योग्य होतं. संमती कधी आणि कशी मिळाली, फॉर्मवर की फोनवर, याचा कॉलम ठेवा. व्यापारी मेसेज पाठवायचे असतील तर संस्थेची डीएलटी या टेलिकॉम कंपन्यांच्या नोंदणी व्यवस्थेवर नोंदणी लागते, हेडर (पाठवणाऱ्याचं नाव) आणि मेसेजचा मजकूर आधी मंजूर करून घ्यावा लागतो. नको ते कॉल-मेसेज थांबवायला लोकांसाठी १९०९ आहे, कुणी विचारलं तर सांगा.

फोन लावायला चार जण बसले असतील तर प्रत्येकाला त्याच्या वाट्याच्या गावांचीच यादी द्या. पूर्ण यादी व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. एकदा टाकली की ती औषधविक्रेत्यांपासून कर्ज देणाऱ्यांपर्यंत कुठेही जाऊ शकते, आणि लोकांनी नंबर आपल्याला फवारणीच्या सल्ल्यासाठी दिलेला असतो.

नवीन नंबर घेताना

एवढं सगळं करून महिनाभराने यादी पुन्हा मळू नये असं वाटत असेल तर फॉर्म बदला. मोबाइलसाठी एक लांब रेघ न ठेवता दहा चौकोन ठेवा, आणि वर छापा: आकडे इंग्रजीत लिहा. शेजारी एक छोटी जागा, "हा फोन कुणाकडे असतो?" शीटमध्ये डेटा व्हॅलिडेशन लावा म्हणजे दहापेक्षा कमी-जास्त लांबीचा नंबर घेतलाच जाणार नाही. वर्षातून एकदा, सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात, छाटण्या सुरू होण्याआधी पूर्ण यादीला मिस्ड कॉलचं आवाहन करा आणि ज्यांची तपासल्याची तारीख वर्षापलीकडची आहे त्यांना फोन लावा.

आणि माणूस काउंटरवर उभा असताना, फॉर्म हातात घेतल्या घेतल्या, त्यावरचा नंबर ऑफिसच्या फोनवरून डायल करा. खिशातला फोन वाजू द्या. नाही वाजला तर ते स्वतःच फॉर्म ओढून घेतात, चष्मा लावतात आणि म्हणतात, "थांबा ताई, हे तीन नाही, सहा आहे."